जटपुरा गेटातल्या सायकली

९ जानेवारी १९५७, बुधवार

पाय काढावा लागणार.

डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. आम्ही बाळंतिणीच्या माणसांना असंच बाजूला बोलावतो. गुडघ्याच्या वरून, उद्या सकाळी. मी मान हलवली. नर्सच आहे मी, मला काय समजावायचं! हाडाचा चुरा झालाय, जखमेत कोळसा गेलाय, बोटं काळी पडलीत — रोज पट्टी बदलताना पाहतेच आहे. तरी व्हरांड्यात आल्यावर भिंत धरून उभी राहिले.

कसं झालं ते आजच लिहून ठेवते. नंतर लोक वेगवेगळं सांगतील.

हे — इस्तारी — खाणीत बत्तीघरात आहेत. खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर आले की परत घ्यायचे. सकाळपाळी सुटली की सायकलने चांद्याला घरी. शनिवारी जटपुरा गेटातून आत येत होते, तर मागून कोळशाचा ट्रक शिरला. गेट गोंड राजांच्या वेळचं. ट्रक आत शिरला की दोन्हीकडे हातभर जागा उरते. हे भिंतीला चिकटले. पुढचं चाक गेलं, मागचं पायावरून गेलं.

ट्रक थांबला नाही. मागे दुसरा होता, त्याच्या मागे तिसरा. कोणता होता ते कोणालाच सांगता येत नाही. सगळे सारखे, सगळे काळे.

१० जानेवारी

झालं. शुद्धीवर आल्यावर विचारलं, किती वाजले, पाळीची वेळ झाली का?

१३ जानेवारी, रविवार

दादाजी मास्तर मुलांच्या शाळेत शिकवतात. बेचाळीस साली जेलात होते, ते बोलण्यात अजून आहे. आज त्यांनी शाळेच्या मैदानात सगळ्या सायकलवाल्यांना बोलावलं होतं. खाणीतले लोक, दूधवाले, कचेऱ्यांतले चपराशी, तळ्याकाठच्या गावांतून मासोळी घेऊन येणारे. बायकांत मी एकटी. माझ्याकडे सायकल आहे म्हणून मीही सायकलवाली. बाळंतपणाला बोलावणं आलं की मी सायकलनेच जाते, सगळं गाव ओळखतं.

मास्तरांचं म्हणणं — अर्ज देऊन पाहिले, कोणी वाचत नाही. दर रविवारी, ट्रकांच्या वेळेला, आपण सगळ्यांनी रांगेने गेटातून जायचं. सावकाश. आत, बाहेर, पुन्हा आत. ट्रक मागे उभे राहू देत. ट्रक गावाभोवतीच्या परकोटाबाहेरच्या रस्त्याने वळवेपर्यंत हे चालू ठेवायचं.

लोकांनी माना हलवल्या. मग सोमाजीभाऊ उठले. सोमाजीभाऊ म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. आमच्या मासोळी धरणाऱ्या धिवरांच्या साऱ्या सायकली त्यांच्या शब्दावर चालतात. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

ते म्हणाले, "रविवारचाच तं बाजार भरते, मास्तर. तुमी रस्ता अडवसान तं ट्रक बी थांबते अन् मी बी थांबतो. ट्रकातला कोळसा सडत नाई. माही मासोळी सडते."

कोणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, तुमच्याच भावाचा पाय गेला. भासरे म्हणाले, म्हणूनच सांगून राह्यलो, मले माहे पाय पाह्यजे. आणि धिवरांच्या सगळ्या सायकली त्यांच्या मागोमाग निघून गेल्या.

मी मास्तरांना माझं नाव दिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. वॉर्डातल्या सगळ्यांना तीळगूळ वाटला. यांनी घेतला नाही.

माझं नाव दिल्याचं यांना आधीच कळलं होतं. म्हणाले, काऊन गेलतीस? मी उशी सारखी केली. म्हणाले, ट्रक ठेकेदाराचे, ठेकेदार खाणीचा. बत्तीघर काई मास्तर चालवत नाई. मी म्हटलं, एका पायावर ते तुम्हाला बत्तीघरात उभं करतील का? हे फार वाईट बोलले मी. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

पाय नाही तिथे दुखतं म्हणतात. बोटं दुखतात. कोणती, ते सुद्धा सांगतात.

२० जानेवारी, रविवार

गेले. भीती वाटत होती ती ट्रकांची नाही, लोकांची. चौकात बायका उभ्या राहून बघत होत्या. एकीने तोंडाला पदर लावला.

तीन-तीनच्या रांगेत निघालो. इतकं हळू की सायकल डुगडुगते, पाय टेकावा लागतो. गेटात शिरलो तेव्हा मी डावीकडच्या भिंतीजवळ होते. दगडावर घासल्याच्या खुणा होत्या, सगळ्या ताज्या. यांच्या अपघाताची कोणती ते शोधायला नको होतं, पण नजर तिथेच गेली.

मागे ट्रकांची रांग लागली. भोंगे वाजले, मग वाजायचे थांबले. एक ड्रायव्हर खाली उतरून टायरपाशी उकिडवा बसला आणि विडी ओढू लागला. रागावलेला दिसला नाही. बऱ्याच दिवसांनी बसायला मिळालं असेल असा दिसला.

मास्तर पुढे होते. त्यांचा आवाज कमानीखाली घुमत होता. बाहेर पडल्यावर मला एकदम रडू आलं — आज गेटातून जाताना मागे वळून बघावं लागलं नाही, म्हणून. इतकी वर्षं दर वेळी मी मान वळवूनच जात होते, हे आज कळलं.

२२ जानेवारी

काल गेटावर पोलीस उभे केले होते. कोणासाठी? ट्रकांसाठी नाही. सायकलींसाठी! बिल्ला दाखव, घंटी वाजव, बत्ती दाखव. मास्तरांना, मला कोणी हात लावला नाही. धिवरांना धरलं. सकाळच्या मासोळीच्या टोपल्या कॅरियरवरून उतरवून उन्हात ठेवायला लावल्या. दुपारी सोडलं.

भासरे तसेच दवाखान्यात आले. टोपली दाराबाहेर ठेवली, पण वास आत आला. यांच्याजवळ बसले, माझ्याशी बोलले नाहीत. उठताना, भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "भांडलं कोण, अन् धरलं कोणाले."

 

२७ जानेवारी, रविवार

आज निम्मेही नव्हते. दूधवाले एकही नाही.

निघण्याआधी मास्तर म्हणाले, असं फिरून काही होत नाही. गेटात सायकली आडव्या टाकायच्या आणि मागे बसायचं. चपराशी नको म्हणाले. कोणी म्हणालं, सायकल माझी नाही, मेव्हण्याची आहे. मीही नको म्हटलं. मास्तर दुखावले. म्हणाले, नर्सबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, मास्तर, माझी सायकल मोडली तर पहाडाकडच्या वस्तीत बाळंतीण अडली की मी जाणार कशी? ते म्हणाले, मोठ्या कामात असं होतंच.

फिरलो. मुकाट फिरलो. दोन गट झाले होते, पुढे मास्तरांचा आणि मागे आमचा. मधल्या मोकळ्या जागेत एक ट्रक घुसला.

३० जानेवारी

ठेकेदाराचा मुनीम वॉर्डात येऊन गेला. मी ड्यूटीवर होते. संत्री ठेवून गेला.

३१ जानेवारी

यांनी आज स्वतःहून बोलावलं. मी खाटेच्या कडेला बसले. बाकीचे ऐकू नयेत म्हणून हळू बोलत होते.

खाणीवर वजनकाटा आहे. तिथे बसून काम. भरलेला ट्रक आला की वजन सांगायचं, दुसरा लिहितो. न्यायला-आणायला ट्रकच घरापर्यंत येईल. फक्त —

"फक्त काय?" मी विचारलं.

"तू रविवारी जायचं नाई."

 मग म्हटलं, "त्यांनीच पाय तोडला, अन् तेच काम देतात, अन् वरून अट घालतात. तुमाले काईच वाटत नाई?"

"वाटते," ते म्हणाले. "मले वाटते का मी घरात बसन, अन् तू लोकाच्या लेकरांच्या नाळा कापून मले पोसशीन. रोज सायकल काढून जाशीन, अन् मी दारातून पाहीन. मले ते वाटते. बाकी सारं मंग."

हे माणूस एवढं कधी बोललं नव्हतं.

३ फेब्रुवारी, रविवार

गेले नाही.

ज्वारी निवडली. पाट्यावर चटणी वाटली. जटपुऱ्याकडून भोंगे ऐकू आले, तेव्हा हात थांबला. मग पुन्हा वाटली.

४ फेब्रुवारी

मास्तरांनी काल सायकली आडव्या टाकल्याच. सोबत मोजकेच होते. पहिला ट्रक थांबला. मागच्याने इतके भोंगे मारले की पहिल्याने गाडी सोडली, थेट सायकलींवरून. माणसं उडी मारून बाजूला झाली. मास्तरांच्या हाताचं हाड मोडलं. ते चाकाने नाही, भिंतीवर आपटल्याने.

आज दवाखान्यात प्लास्टर घालून गेले. मी समोरच होते. मला म्हणाले, बरं झालं तुम्ही नव्हता. टोमणा होता की खरंच, कळलं नाही.

मोडलेल्या सायकली शाळेच्या भिंतीशी टेकवून ठेवल्यात. चाकं पोळीसारखी दुमडलीत. एक मेव्हण्याची आहे.

१० फेब्रुवारी

हे घरी आले. कुबड्या सुताराने सागाच्या करून दिल्या, जड आहेत. उंबरा ओलांडता येईना. मी हात दिला तर घेतला नाही. खाली बसून, मागे सरकत, आत आले.

१४ फेब्रुवारी

आजपासून काट्यावर. सकाळी ट्रक दाराशी आला. गल्लीत मावत नव्हता, पोरं-बाया बाहेर आल्या. ड्रायव्हरने आणि मी मिळून यांना कॅबिनमध्ये चढवलं. ड्रायव्हरचं नाव बिरजू. विडी ओढत टायरपाशी बसलेला तोच. मला ओळखलं त्यानं.

ट्रक गेल्यावर मी आत येऊन बसले. ज्या गाडीने — जाऊ दे.

१९ फेब्रुवारी

गावात निवडणुकीची धामधूम. जीपगाड्या फिरतात, भिंतींवर चुन्याने बैलजोड्या नि झोपड्या. एका उमेदवाराच्या माणसाला रस्त्यात गाठून मी गेटाचं सांगितलं. म्हणाला, बाई, मतं पडू द्या. सगळे हेच म्हणतात. कचेरीतल्या साहेबांनीही मास्तरांना हेच सांगितलं.

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी जेवताना हे आपणहून बोलायला लागले.

"वरून आपण दिसतच नाई," म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. कॅबिनमध्ये बसलं की पुढचं बोनेट एवढं मोठं, बाजूला काहीच दिसत नाही. सायकलवाल्याची फक्त टोपी दिसते, तीही जरा लांब असला तर. जवळ आला की तीही नाही. घंटी इंजिनात ऐकू येत नाही. आठवडाभर हे बिरजूच्या शेजारी बसून जाताहेत. आज त्यांनी त्याला विचारलं — गेटात शिरताना तू काय पाहतोस?

बिरजू म्हणाला, "काई नाई पाहत, भाऊ. डोये मिटतो. निघालो का उघडतो."

आणि मग म्हणाला, तुमचा पाय माह्याच चाकाखाली आला का दुसऱ्याच्या, मले खरंच माहीत नाई. त्या दिवशी मी त्याच वेळी होतो. फेऱ्या कमी भरल्या तं घरी बसवतात.

यांनी हे सांगितलं आणि भाकरी मोडत राहिले.  मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात त्याला? म्हणाले, "काय म्हणू? उद्या बी त्याच्याच गाडीत बसायचं हाये."

२३ फेब्रुवारी

मास्तरांच्या घरी गेले. भासऱ्यांनाही निरोप धाडला होता. आले — यांच्यासाठी आले, माझ्यासाठी नाही.

मी म्हटलं, ड्रायव्हरांनाच गेटाची भीती वाटते. मग आपण त्यांच्याशी भांडतो कशाला? गेटाच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस उभा करा, हातात फडकं देऊन. आधी सायकली जातील, मग ट्रक. ट्रकांना थोडं थांबावं लागेल, आपल्यालाही थोडं. ड्रायव्हर हेच म्हणतील. आपण एकत्र मागू.

मास्तर उठून उभे राहिले. प्लास्टरचा हात गळ्यात. म्हणाले, ट्रक गावाबाहेरून गेलेच पाहिजेत, हे आपण पहिल्या दिवशी म्हटलं. आता त्यांनाच गेटात वाट करून द्यायची? ज्यांनी हे केलं (हात दाखवला) त्यांच्यासोबत अर्ज? नर्सबाई, तुमच्या घरी ठेकेदाराचं काम आलं तेव्हापासून तुमचं बोलणं बदललं.

मला वाटलं जमीन फाटावी.

भासरे म्हणाले, फडकं धरून दिवसभर उभा कोण राह्यल? त्याले कोण पोसन? मास्तर रविवारी मोकळे, तू ड्यूटी सुटल्यावर मोकळी. आमी कधी मोकळे? गेट जसं हाये तसं राहू द्या. आमी भल्या पहाटे निघू, ट्रकाच्या आधी. बस.

तिघं तीन तोंडांना बसलो होतो. चहा तसाच राहिला. तिघांचंही बरोबर होतं, हे लिहिताना कळतं आहे. तिथे कळत नव्हतं. तिथे फक्त राग होता.

२४ फेब्रुवारी, रविवार

मास्तर एकटे गेले. एका हाताने हँडल धरून. मी चौकातून पाहिलं. एकटा सायकलवाला, त्याच्या मागे सावकाश चाललेला एक ट्रक. ते मिरवणुकीसारखं दिसत नव्हतं, अंत्ययात्रेसारखं दिसत होतं.

२६ फेब्रुवारी

दवंडी आली.

उद्या शिवरात्र, अंचलेश्वराला गर्दी होणार, म्हणून आधीच. पण हुकूम शिवरात्रीपुरता नाही, कायमचा आहे. दवंडीवाला आमच्या गल्लीत थांबला तेव्हा मी चुलीपाशी होते. आधी वाटलं, मानलं! ट्रक बंद केले!

मग नीट ऐकलं. जटपुरा गेटात अपघात होतात, वाहतूक अडते, म्हणून लोकांच्या सुरक्षिततेसाठी — दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत सायकलींना गेटातून मनाई. चालवत नाही, हातात धरूनही नाही. परकोटाच्या बाहेरून बिनबा गेटाने जावं.

सायकलींना.

हे बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांनीही ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते दवंडीवाल्याच्या पाठीकडे पाहत होते.

२८ फेब्रुवारी

भासरे आले. ओरडतील असं वाटलं होतं. नाही ओरडले. ओट्यावर बसून पाणी मागितलं, प्यायले. म्हणाले, बिनब्याकडून फिरून येईस्तोवर बाजार उठते. दिवस उगवायच्या आत गेट गाठावं तं जाळं कधी ओढावं? मास्तरले रस्ता पाह्यजे होता, तुले फडकं, मले काईच नोको होतं. तिघालेही हेच भेटलं.

मी म्हटलं, "भाऊजी, मी —"

"तुह्यं काई नाई चुकलं, बाई," ते म्हणाले. "आमी सोबत रायलो असतो तं बी हेच झालं असतं, का दुसरं झालं असतं, कोणाले माहीत."

पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.

२ मार्च

मास्तरांची बदली झाली. सिरोंच्याला. नदीपलीकडे तेलंगी मुलूख, तिथली पोरं मराठी समजतात की नाही कोण जाणे. बायको, सामान, प्लास्टरचा हात. बसस्टँडवर जाऊन भेटले. मी म्हटलं, मास्तर, त्या दिवशीचं मनात ठेवू नका. ते म्हणाले, कोणत्या दिवशीचं? आणि बस सुटेपर्यंत खिडकीतून परकोटाकडे बघत राहिले.

८ मार्च

लिहायला हात उठत नाही. लिहिते.

काल दुपारी जटपुऱ्याबाहेरच्या वस्तीतून बोलावणं आलं. सोमारी म्हणून बाई, पहिलटकरीण, कळा सकाळपासून. तिचा नवरा धावत आला होता, धाप लागलेली. मी पिशवी कॅरियरला बांधली, सायकल काढली आणि सवयीने जटपुऱ्याकडेच वळले.

गेटात शिपाई. ओळखीचा — त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलं आहे. म्हणाला, बाई, सायकल नाई जाऊ देता येत. मी म्हटलं, बाळंतीण अडली आहे. म्हणाला, साहेब समोरच उभा हाये, माही नोकरी जाईन. मी म्हटलं, हातात धरून जाते. म्हणाला, हातात धरून बी नाई. समोरून भरलेला ट्रक भोंगा देत होता. आम्हाला बाजूला व्हावं लागलं. ट्रक गेला. मागून दुसरा. तोही गेला.

शेवटी सायकल शिपायाच्याच अंगावर टाकली, पिशवी सोडवली आणि धावले. ट्रक आणि भिंत यांच्या मधून, हातभर जागेतून. साडी दगडाला अडकून फाटली. वस्ती जवळ नाही. सायकलने गेले असते तर —

नाळ मानेभोवती होती. दोन वेढे. मूल निळं होतं, पण ऊब होती अंगाला. मी तोंडातून श्वास दिला, पाठ चोळली, पाय धरून उलटं केलं, गरम-थंड पाणी केलं. ऊब जाताना हाताला कळते. मुलगी होती.

सोमारी वाचली. तिने विचारलं, रडत काऊन नाई?

इतकी बाळंतपणं केली. मेलेली मुलंही पाहिली. पण ही मेलेली नव्हती. मी पोचेपर्यंत मेलेली नव्हती, किंवा थोडं आधीपर्यंत तरी नव्हती. हे मला माहीत आहे आणि कोणाला सांगून उपयोग नाही.

९ मार्च

यांना सांगितलं. सगळं नाही सांगायचं ठरवलं होतं, पण सगळं सांगितलं. ट्रक आले, दोन, ते बाजूला होऊन जाऊ द्यावे लागले, हेही.

ते म्हणाले, कोणत्या वेळी? मी सांगितलं.  त्या वेळी भरलेल्या गाड्यांचं वजन यांनीच सांगून सोडलेलं असणार. ते मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत.

मग विचारलं, "त्या बाईच्या घरचं कोण हाये?" नवरा आहे म्हटलं. म्हणाले, "त्याच्या घरी कोणी गेलं का?" मी म्हटलं, मी उद्या जाईन. म्हणाले, "मी बी येतो."

१० मार्च, रविवार

गेलो. बैलगाडी केली होती. त्या माणसाने यांना ओट्यावर बसवलं, कुबड्या धरून ठेवल्या. यांनी काही सांत्वन केलं नाही. नुसते बसले. निघताना त्या माणसाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना गेटापाशी गाडीवानाला थांबायला सांगितलं. मान वर करून कमान पाहत राहिले. मला वाटलं, आता मोकळेपणी रडतील. रडले नाहीत. चला म्हणाले.

नंतर बिरजू घरी आला होता. दोघं ओट्यावर बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर गप्प झाले.

११ मार्च

सकाळी यांना घेऊन निघालेला ट्रक बिरजूने गेटात मधोमध उभा केला. इंजिन बंद केलं, गाडी फिरवून सुरू करायचं हँडल यांच्या मांडीवर ठेवलं आणि उतरून पायी निघून गेला. दोन्हीकडे ट्रकांची रांग. हे एकटे आत बसून आहेत. पोलिसांनी उतरा म्हटलं तर म्हणाले, मले एकट्याले उतरता येत नाई.

पोलिसांच्या साहेबांनी विचारलं, तू कोण? ड्रायव्हर का काट्यावरचा माणूस?

मी गर्दीतच होते, नीट ऐकलं.

म्हणाले, "मी सायकलवाला."